जात्याला सांगितलेलं

सासुरवास सांगायचा कुणाला? नवरा ऐकून घेणार नाही, शेजारणीला सांगावं तर गावभर होणार, आणि माहेर लांब. जुन्या महाराष्ट्रातल्या बाईला यातून वाट दिली ती पहाटेच्या दळणाने. घर झोपलेलं असे, जात्याची घरघर चालू असे आणि तिच्या आडोशाने बाई बोलून घेई. गाण्याला कुणी हरकत घेत नसे. उलट ओव्यांशिवाय दळण म्हणजे आळशीपणा वाटावा अशी रीत!

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची, ज्ञानेश्वरीतल्या ओवीपेक्षा वेगळी. खुंट्याला समोरासमोर दोन हात लागले की एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. त्यामुळे ओवी नेमकी कुणाची, हे कळेनासं होतं. दुःख लपवायला याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. कुणी हटकलंच तर ‘आई म्हणायची’ असं सांगून मोकळं होता येतं.

शिवाय बाई ‘मी’ म्हणतेच कुठे? ती सीतेचा वनवास गाते. गरोदर बायकोला रानात सोडणाऱ्या रामाला या ओव्यांतून जे ऐकावं लागतं, ते कीर्तनात क्वचितच कुणी ऐकवलं असेल. भावाचं कौतुक हाही असाच आडपडदा. तो येईल, चोळी आणील, वहिनी पाणी देईल. ऐकायला सगळं गोड. पण मुराळी आल्याशिवाय सासरचा उंबरा ओलांडता येत नाही, हे त्या कौतुकाखाली दडलेलं असतं. दिवाळी सरली आणि भाऊ आलाच नाही, तर कौतुकाच्या त्याच ओव्या कशा लागत असतील!

हे भांडार जपलं गेलं ते चिकाटीच्या माणसांमुळे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पुढे पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने 2017 पासून त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथे काही ओव्या गाणारीच्या आवाजात ऐकता येतात. आधी ऐकाव्यात, मग वाचाव्यात.

बहिणाबाई चौधरींची (1880–1951) कविता याच वाटेने आली. अक्षरओळख नाही, ऐन उमेदीत वैधव्य, पदरात मुलं. ‘लपे करमाची रेखा’ ही कविता त्या वैधव्याचीच. पण तिच्यात रडणं थोडं आणि कंबर कसणं जास्त. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून आईच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये हा ठेवा पुस्तकात आला. ज्या घरात कवी नव्हता, तिथलं किती गेलं असेल?

गिरणी आली आणि मनगटांचा जाच संपला. तो संपला हे चांगलंच झालं. जात्याचे उमाळे बहुधा कधीच न दळलेल्यांना येतात. पण दळणाबरोबर ती हक्काची पहाटही गेली. पुष्कळजणींना हातात खुंटा नसला की ओवी आठवतच नाही. आता जातं निघतं ते लग्नातल्या हळदीला. त्याला सुपारी बांधतात, पाच सवाष्णी हात लावतात, देवाधर्माच्या चार ओव्या होतात. सासुरवासाची ओवी त्या मंगलकार्यात कोण काढणार? नवरी तर शेजारीच बसलेली असते.