गाऊटची आग पेटते कशी, विझते कशी

रात्री पायाचा अंगठा ठणकू लागतो, पहाटेपर्यंत लालबुंद होऊन सुजतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा गाऊट. जालन्यात पोलादाच्या भट्टीपुढे किंवा मे महिन्याच्या उन्हात राबणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यावा. अंगातलं पाणी घटलं की रक्तातल्या युरिक ॲसिडचं प्रमाण चढतं.

डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे ते नीट विरघळत नाही. अंगठ्याचा सांधा तुलनेनं थंड, म्हणून सुईसारखे स्फटिक बहुधा तिथेच जमतात. कित्येकदा वर्षानुवर्षं गप्प असतात. मग सांध्यातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि या पेशींच्या आत एनएलआरपी३ ही प्रथिनांची जुळणी जागी होते. स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या गटानं २००६ मध्ये हे दाखवलं. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा हा दाह पेटवणारा रेणू सुटतो आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी झुंडीनं सांध्यात शिरतात.

मला विलक्षण वाटतो तो शेवट. मरणाऱ्या न्यूट्रोफिल आपल्याच डीएनएची जाळी सोडतात. ती एकमेकांत गुंतून दाह पेटवणारे रेणू अडकवतात, तोडतात. म्हणून आठ-पंधरा दिवसांत सूज बहुधा आपोआप उतरते. स्फटिक मात्र तिथेच राहतात. त्यामुळे युरिक ॲसिड उतरवणारी गोळी, दुखणं थांबलं तरी, डॉक्टरांना न विचारता सोडू नये.

कोल्चिसिन हे औषध न्यूट्रोफिलची धाव रोखतं. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही ते असतं, पण तो कंद जीवघेणा आहे. घरगुती उपाय म्हणून कधीच घेऊ नये. आणि आपली मोसंबी? फोडी खुशाल खाव्यात. साखर घातलेला रस टाळावा, कारण त्यातल्या फ्रुक्टोजनं युरिक ॲसिड वाढतं.