गोठ्यातील मजुरीचा हिशेब

उष्ण प्रदेशातील मोठ्या दुग्धव्यवसायाचा विषय निघाला की सौदी अरेबियातील अल खर्जचे उदाहरण हमखास दिले जाते. वाळवंटात एका आवारात हजारो होल्स्टीन गायी, डोक्यावर पंखे आणि पाण्याचे तुषार, आणि पाळ्यांत राबणारे पगारी कामगार. तेथे मजुरीचा प्रत्येक तास वहीत चढतो. आमच्या वारणानगरच्या दूध संघाला, जो १९६८ साली तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिला, दूध पुरविणारी जनावरेही हजारोंनीच मोजावी लागतील. परंतु हा कळप दोन-दोन, तीन-तीनच्या संख्येने घरोघरच्या सोप्यात आणि परड्यात विखुरलेला आहे. आणि त्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईच्या मजुरीची नोंद कोणत्याच वहीत नाही.

हे काम केवळ कष्टाचे आहे असे समजणे चुकीचे होईल. त्यात निरीक्षणाचा भाग मोठा आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा विरळ, त्यात रंग काळा. म्हणून उन्हाचा ताप तिला अधिक बाधतो. डुंबायला पाणी नसेल तर अंगावर पाणी मारावे लागते. उन्हाळ्यात तिचा माज बहुधा मुका असतो, आणि लक्षणे दिसलीच तर रात्री किंवा पहाटे. तो हुकला की पुन्हा तीन आठवडे थांबणे आले, आणि भाकड काळ तेवढा लांबला. शिवाय म्हैस माणूस ओळखते. हात बदलला, वेळ चुकली, की ती पान्हा चोरते. कित्येक घरांत धार पुरुष काढतात हे खरे. पण उसाचे वाढे आणणे, शेणघाण, पाणी आणि ही अष्टौप्रहर नजर बाईकडेच असते.

मुक्त संचार गोठा हा यावरील एक उपाय सांगितला जातो, आणि तो योग्य आहे. मोकळी जनावरे आपण होऊन पाण्यावर जातात, सावली धरतात. माजावरची गाय इतरांच्या वागण्यावरून लगेच कळते. शेण रोज काढावे लागत नाही. अर्थात कळपातही उतरंड असतेच. दांडगी गाय गव्हाण अडविते आणि गरीब गाय उपाशी राहते. म्हणून गव्हाण लांब हवी, पाणी दोन ठिकाणी हवे, शिंगे वासरूपणीच काढलेली हवीत. यासाठी जागा आणि कुंपण लागते. वारणाकाठी ऊस घराच्या भिंतीपर्यंत आलेला; गुंठाभर जमीन त्यातून सोडायची की नाही, हे सातबारावर ज्याचे नाव तो ठरवितो. ज्याच्या लेखी बाईचा वेळ फुकट आहे, त्याला कुंपणाचा खर्च कधीच परवडणार नाही.

येथे अर्थशास्त्राचा एक विरोधाभास दिसतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर सुचविताना कृषिमूल्य आयोग कुटुंबाच्या बिनपगारी श्रमाचे मूल्य उत्पादनखर्चात धरतो. त्याच शेतातले वाढे डोक्यावरून गोठ्यात आले, की त्यापुढचे श्रम हिशेबातून नाहीसे होतात; कारण केंद्राच्या आधारभूत किमतींच्या यादीत दूध नाही. श्रमशक्तीच्या पाहण्यांतही घरकामाबरोबर गुरांसाठी वैरण गोळा करणारी स्त्री श्रमशक्तीबाहेरच्या रकान्यात जाऊ शकते. देशातील स्त्री-पुरुषांचा वेळ कशात जातो याची पहिली देशव्यापी पाहणी झाली ती २०१९ साली!

मुली आता शिकतात, नोकरीची अपेक्षा धरतात, आणि गोठा असलेल्या घरी जाण्यास कचरतात. वर्गात त्या हे मोकळेपणाने बोलतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दूध संस्थांना काही करायचे असेल तर आरंभ सोपा आहे: ज्या घरात जनावरांचे सारे बाई पाहते तेथे सभासदत्व आणि दर दहा दिवसांचे बिल तिच्या नावे, तिच्या खात्यावर जावे, आणि लिटरचा उत्पादनखर्च मांडताना पेंडीच्या किमतीखाली तिच्या तासांची ओळ लिहिली जावी. शेतमजुरीच्या चालू दराने ती ओळ भरली तर दोन म्हशींच्या घरी नफ्याचा आकडा किती उरतो, हे एकदा संस्थेच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवावे.