साबण आणि पाण्याचा पृष्ठताण

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगावबांधसारख्या तलावाच्या काठी लांब पायांचे कीटक पाण्यावर न बुडता चालताना मुले पाहतात. पाण्याचे कण परस्परांना ओढून धरतात. म्हणून पृष्ठभाग ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागतो. यासच पृष्ठताण म्हणतात.

वर्गात स्वच्छ थाळीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरावी व मध्यभागी साबण लावलेले बोट टेकवावे. पूड तत्क्षणी काठाकडे धावते. ‘साबण पुडीला ढकलतो’ असे मुले म्हणतील. ही समजूत शिक्षकांनी दूर करावी. साबणाने मध्यभागीचा ताण कमी होतो. भोवतालच्या पाण्याचा ताण कायम असल्याने तेच पुडीस काठाकडे ओढते. प्रयोग पुन्हा करताना थाळी धुऊन नवे पाणी घ्यावे. जुन्या पाण्यावर साबण सर्वत्र पसरलेला असतो.

शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरास सुमारे ७३ डाइन असतो. साबणाच्या पाण्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच ते कापडाच्या धाग्यांत चटकन शिरते. परंतु काठच्या पाण्यात साबण साचल्यास त्या कीटकांचा आधारच सुटतो. तेव्हा कपडे कोठे धुवावेत, हा प्रश्न पाठाच्या शेवटी मुलांपुढे अवश्य ठेवावा.