दुष्काळ, कर आणि हक्काची मजुरी

पावसाने दगा दिला म्हणजे नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याचे व शेतमजुराचे उत्पन्न एकाच हंगामात ढासळते. अशा वेळी कर आणि सरकारी साहाय्य यांच्या योगे त्या घसरणीचा काही अंश, नव्या हुकुमाची प्रतीक्षा न करता, आपोआप भरून निघणे शक्य असते. या व्यवस्थेविषयी तीन गैरसमज दृढ झाले आहेत.

गैरसमज १ : दुष्काळातील मदत ही सरकारची मेहेरबानी होय.

वस्तुस्थिती : वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या पदवीस पोहोचली, व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे दायित्व शासनावर आले. सुगीत मजूर शेतावर जातो, अवर्षणात तोच हजेरीपटावर येतो. त्यामुळे सरकारचा खर्च गरजेबरोबर वाढतो आणि गरजेबरोबरच ओसरतो. यासाठी १९७५ पासून व्यवसायकर बसविण्यात आला. म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम, राज्याच्या तितक्याच हिश्श्यासह, मराठवाड्याच्या बांधबंदिस्तीवर मजुरी होऊन उतरू लागली.

गैरसमज २ : उत्पन्न घटले की कर घटतो, म्हणून करपद्धती सर्वांनाच सावरते.

वस्तुस्थिती : प्राप्तिकर भरणाऱ्या पगारदाराबाबत हे यथार्थ आहे. परंतु शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्याने, जो कर मुळात भरलाच जात नाही तो कमी होऊन शेतकऱ्याच्या पदरी काय पडणार? मराठवाड्याच्या खेड्यात सावरण्याचा हा भार सरकारी साहाय्यानेच पेलावा लागतो.

गैरसमज ३ : खात्यात जमा होणारे अनुदान दुष्काळाची भरपाई करते.

वस्तुस्थिती : पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपये सुकाळात व दुष्काळात सारखेच असतात. घटलेल्या उत्पन्नात त्यांचा वाटा मोठा ठरतो, एवढाच त्यांचा आधार; शिवाय ज्याच्या नावे सातबारा नाही त्या भूमिहीनाला तेही लाभत नाहीत. त्याच्यासाठी कामाचा हक्क हाच मुख्य आश्रय उरतो.

हा आश्रय मागणीवाचून जागा होत नाही आणि मजुरी रखडली की निष्फळ ठरतो. म्हणून प्रत्येक मजुराने कामाची मागणी लेखी करावी, तिची तारीखवार पोच घ्यावी, आणि साक्षर शेजाऱ्यांनी या कामी त्याला साहाय्य करणे आपले कर्तव्य मानावे.