सातशेचा इयरफोन, अडीच हजारांचा इयरफोन आणि माझा कान

रखडलेली फेलोशिप एकदाची जमा झाली, त्याच दिवशी मी अडीच हजारांचे वायरवाले इयरफोन मागवले. जुने सातशेचे होते. दोन्ही आलटून-पालटून लावले आणि लॅबमध्ये जाहीर करून टाकलं की फरक जमीन-अस्मानाचा आहे. आमची एक ज्युनिअर शांतपणे म्हणाली, "ताई, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकलंस का?"

नव्हता केला. पीएचडीच्या चौथ्या वर्षी ही चूक! तुम्ही प्रवेश परीक्षेची तयारी करताना 'कंट्रोल' आणि 'ब्लाइंडिंग'च्या व्याख्या पाठ करत असाल, तर त्या एकदा स्वतःच्या कानावर करून बघा.

आधी आवाजाचं बघू. जरा मोठा आवाज आपल्याला 'चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की आवाज हळू असताना आपला कान खर्जाला तुलनेने जास्त बहिरा असतो. आवाज चढवला की बेस वाढल्यासारखा वाटतो, गाणं भरल्यासारखं वाटतं. म्हणजे फोनची पट्टी तीच ठेवून दोन इयरफोन ऐकले, तर तुम्ही दर्जा नाही, कोण जोरात वाजतो ते ठरवताय.

खोक्यावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते की, असं म्हणाल. तिथे एकक बघा. एकावर १०० डेसिबल प्रति मिलीवॉट आणि १६ ओहम, दुसऱ्यावर १०३ डेसिबल प्रति मिलीवॉट आणि ३२ ओहम असं लिहिलंय समजा. दुसरा जास्त जोरात वाजेल ना? नाही. फोनच्या जॅकमधून साधारण ठरावीक व्होल्टेज मिळतं, ठरावीक पॉवर नाही. प्रति व्होल्ट काढायला पहिल्यात १८ मिळवा, दुसऱ्यात १५. दोन्ही ११८. आणि '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हा आकडा तर सरळ सोडून द्या. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वर-खाली होतो हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मग आम्ही आवाज जुळवला. प्लास्टिकच्या नळीचा छोटा तुकडा माइकवर घट्ट बसवला, दुसऱ्या तोंडात इयरफोन, पिंक नॉइज लावला आणि मीटरच्या ॲपवर आकडा बघितला. खरे डेसिबल यातून कळत नाहीत, दोघांतला फरक कळतो आणि आपल्याला तेवढाच हवाय. फोनच्या बटणाची एकेक पायरी फार मोठी असते, म्हणून लॅपटॉपवरच्या प्लेअरमधून बारीक जुळवाजुळव केली. माझे नवे इयरफोन चांगले चार डेसिबलने मोठे वाजत होते.

दोन्हींना एकाच मापाच्या रबरी टिप्स लावल्या. मी डोळे मिटलेले, कोणता जोड द्यायचा ते ज्युनिअर नाणं उडवून ठरवणार. दोन संध्याकाळी मिळून १६ फेऱ्या, कारण आठनंतर कान आणि डोकं दोन्ही थकतात. १६ पैकी नऊ वेळा मी महागडा निवडला. नुसतं नाणं उडवलं तरी नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता ४० टक्के असते. बारा वेळा निवडला असता तर ती चार टक्क्यांच्या आत आली असती.

याचा अर्थ दोन्ही सारखे आहेत असा काढू नका. फरक मला ऐकू येत होता, एकात तबला पुढे, दुसऱ्यात गायकाचा आवाज पुढे. फक्त 'कोणता चांगला' याचं माझं उत्तर स्थिर नव्हतं. चाचणीही पूर्ण आंधळी नव्हती, कवचाचा आकार बोटांना कळतोच. पण ही गळती महागड्याला मदत करणारी होती, तरी तो जिंकला नाही. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी यावर छान तोड काढली: कानावर हेडफोन एकच, आणि बाकीच्यांचा प्रतिसाद सॉफ्टवेअरने त्याच्यातूनच वाजवायचा. किमतीबद्दल म्हणाल तर येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांत संबंध सापडला नाही.

हे सगळं करण्याआधी टिप नीट बसलीय ना ते बघा. कानात फट राहिली की बेस गळून जातो आणि आपण बिचाऱ्या इयरफोनला नावं ठेवतो. ५० हर्ट्झचा सूर लावून हलकेच दाबा. आवाज एकदम वाढला तर टिप लहान आहे किंवा नीट बसलेली नाही. दोन कानांना दोन मापं लागणंही अगदी नेहमीचं.

एका बाजूने कमी ऐकू येतंय? मोनो सूर लावा आणि डावा-उजवा अदलाबदल करा. कमीपणा इयरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष इयरफोनचा, बहुतेकदा जाळीत मळ अडकलेला असतो. त्याच कानात राहिला तर आधी टिप बदलून बघा, मग कान तपासून घ्या.

बांधणीत मी एकच गोष्ट आधी बघते. स्वस्त इयरफोन बहुधा वायर जॅकला किंवा कवचाला मिळते तिथेच मरतात. तिथे लवचीक रबरी बाही हवी, आणि वायर सुटी होणारी असेल तर फारच उत्तम. माझ्या अडीच हजारांतलं खरं मोल तेवढंच: वायर तुटली तर नवी वायर घेईन, इयरफोन नाही.

त्याच आठवड्यात थिसिससाठी केलेलं मायक्रोस्कोपच्या फोटोंचं स्कोअरिंग पुन्हा उघडलं. कंट्रोल कोणता, ट्रीटेड कोणता हे फाइलच्या नावातच होतं आणि ते वाचत मी गुण दिले होते. ज्युनिअरकडून नावं काढून नुसते नंबर घालून घेतलेत. एकूण ८४ फोटो, आज एकतिसावा झाला. जुने गुण अजून उघडून पाहिलेले नाहीत.