हातात पैसा (भाग ५) : आधी छप्पर की आधी गाय?

गेल्या आठवड्यात आपण अटी घालून दिल्या जाणाऱ्या मदतीचा विचार केला. मेक्सिकोत १९९७ मध्ये सुरू झालेली 'प्रोग्रेसा' योजना मूल शाळेत जातंय ना, दवाखान्यात तपासणी होतेय ना, हे पाहून मगच आईच्या हाती पैसे देत असे. आज त्याच्या पुढची पायरी. अट नाही, पावती नाही, परतफेड नाही. घरात पैसे आले, त्यांचं काय करायचं ते घरानं ठरवायचं. अशानं त्या घरात नेमकं काय बदलतं?

या प्रश्नाचा फार कसून शोध घेतला गेला तो केनियातल्या सियाया काउंटीत. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा हा भाग. वस्ती मुख्यतः लुओ लोकांची, शेती मक्याची, पाऊस वर्षातून दोनदा. 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था तिथल्या गरीब कुटुंबांना थेट पैसे देऊ लागली. गरीब कोण, हे ओळखायची तिची खूण साधी होती : ज्या घरावर गवताचं छप्पर, ते घर पात्र. पैसे येतात 'एम-पेसा'वर. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ही सेवा केनियात २००७ पासून चालते. फोनवर संदेश येतो, एजंटच्या दुकानात ओळख पटवून पिन टाकला की रोख रक्कम हातात. मधे ना ठेकेदार, ना अर्जावर शेरा मारणारा कारकून.

२०११ च्या सुमारास योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या अभ्यासकांनी तिथल्या रारिएडा भागात पाहणी केली. कोणत्या घराला पैसे मिळणार, हप्त्यानं की एकरकमी, बायकोच्या नावे की नवऱ्याच्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरवलं गेलं. त्यामुळे पैसे मिळालेलं आणि न मिळालेलं घर शेजारी शेजारी ठेवून तुलना करता आली.

आधी छप्पर पाहू. गवताचं छप्पर स्वस्त वाटतं, पण ते पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं. गवत आणा, माणूस लावा. तरीही पावसाची झड लागली की आत गळतंच. धान्याला ओल धरते, अंथरुणं भिजतात, मुलांना रात्री कोरडा कोपरा शोधावा लागतो. पत्रा एकदा घातला की वर्षानुवर्षं निश्चिंती. शिवाय पन्हळीखाली पिंप ठेवलं की पावसाचं पाणी दारात मिळतं, तेवढ्या पाण्याच्या खेपा वाचतात. पत्रा परवडतो हे कुणी जाऊन सांगायची गरज नसते, घरातल्या प्रत्येकाला तो हिशेब पाठ असतो. अडतं ते एकदम लागणाऱ्या रकमेवाचून. शाकारणीचे थोडे थोडे पैसे कसेबसे जमतात, पत्र्याची रक्कम कधीच जमत नाही. पाहणीत दिसलं ते असं : पैसे न मिळालेल्या शंभर घरांपैकी १६ घरांवर पत्रा होता, पैसे मिळालेल्या घरांत त्याहून आणखी २३ घरांवर तो आला.

सगळ्यांनीच पत्रा घेतला नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. कुणी जनावर घेतलं, कुणी लहानसा धंदा सुरू केला, कुणी आधी पोटभर खाल्लं. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. पैसे बायकोच्या नावे आले की नवऱ्याच्या, यानं खर्चात फारसा फरक पडल्याचं आढळलं नाही. फरक पडला तो पैसे येण्याच्या रीतीनं. महिन्याच्या महिन्याला आलेला पैसा जास्त करून पोटाला गेला, एकरकमी आलेला टिकाऊ वस्तूंत.

एकरकमी पैशाचं मोल आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला विचारावं. बीड जिल्ह्यातलं जोडपं हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतं. लग्न असो, आजारपण असो, घराची पडलेली भिंत असो, एवढी रक्कम एकदम देणारं दुसरं दारच नसतं. त्या बदल्यात कोयता हंगामभर बांधला जातो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. गरिबाला मोठी रक्कम मिळतच नाही असं नाही. ती मिळते, पण पुढचे महिने गहाण टाकून. विनाअट मदतीतली रक्कम काही गहाण न टाकता येते, तिची खरी ताकद इथे आहे.

आता नेहमीची शंका : फुकटचा पैसा मिळाला की माणसं काम सोडतील. 'गिव्हडायरेक्टली'नंच सियाया आणि बोमेट या दोन काउंट्यांत आणखी मोठा प्रयोग चालवला आहे. काही गावांतल्या प्रौढांना बारा वर्षं महिना सुमारे साडेबावीस डॉलर, काहींना तेवढेच पण दोनच वर्षं, तर काहींना जवळपास ५०० डॉलर एकरकमी. अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत एकूण काम कमी झाल्याचं दिसलं नाही. लोक दुसऱ्याकडची मजुरी कमी करून स्वतःच्या धंद्याकडे वळले. बारा वर्षांची खात्री मिळालेल्यांनी तर भिशी लावली आणि दरमहाच्या लहान रकमेतून आपली आपणच मोठी रक्कम उभी केली. दोनच वर्षांची हमी असलेल्यांना ते तेवढं जमलं नाही. म्हणजे रकमेइतकीच तिची शाश्वतीही मोलाची.

एका घरात आलेला पैसा त्या घरात थांबत नाही. २०१४ ते २०१७ या काळात सियायातल्या ६५३ गावांत दहा हजारांहून जास्त कुटुंबांना सुमारे हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं साठ-पासष्ट हजार रुपये, दिले गेले. बाहेरून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक उलाढाल सुमारे अडीच डॉलरनं वाढली. सुतार, शिंपी, दुकानदार यांच्या गल्ल्यातून तो फिरत राहिला आणि ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांचाही खर्च वाढला. महागाईची भीती होती, पण किमती नाममात्रच चढल्या.

याच गावांबद्दल २०२५ मध्ये आलेला निष्कर्ष वाचून कुणीही थबकेल : ज्या घरांना पैसे मिळाले, तिथला अर्भकमृत्यूचा दर जवळपास निम्म्यावर आला. पोटुशी बाई शेवटच्या महिन्यांत शेतात राबल्यावाचून राहू शकली, बाळंतपणाला दवाखान्यात पोहोचू शकली. मात्र हा परिणाम ठळक दिसला तो दवाखाना जवळ असलेल्या गावांत. पैसा बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेईल, आत डॉक्टर बसवणं सरकारचंच काम आहे. मदत दिली म्हणून शाळा, दवाखाना आणि रेशन यांतून अंग काढून घेता येत नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशानंही हा अनुभव घेतला आहे. 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ पासून इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत प्रौढाला महिना २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले. पुढे ते ३०० आणि १५० झाले. मुलाचे पैसे आईच्या हाती येत. रेशन चालूच होतं. रक्कम लहान, तरीही मुलींचं वजन सुधारलं, जनावरं वाढली आणि बरेच जण परक्याच्या बांधावरून स्वतःच्या शेताकडे वळले.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून 'माझी लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. कशावर खर्च केले हे कुणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सियायाचा धडा घ्यायचा तर दोन गोष्टी व्हायला हव्यात. हप्त्याची तारीख पगारासारखी पक्की हवी, कारण कधी येतील ते ठाऊक नसलेल्या पैशावर भिशी लावता येत नाही. आणि वर्षाचे १८,००० रुपये महिन्याला घ्यायचे की पेरणीच्या तोंडावर एकदम, हे ठरवायची मुभा तिला हवी. बियाणं-खताला सावकाराकडे जावं लागणाऱ्या घरात जूनमधले १८,००० आणि वर्षभर विखुरलेले १८,००० यांत फार अंतर आहे. तिच्या घराला आधी काय लागतं हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

पुढच्या भागात : रेशनच्या धान्याऐवजी रोख रक्कम द्यावी का? दोन्ही बाजूंचा हिशेब.