विडीच्या आड लपलेला क्षय

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) वाळूजला कंपनीची पाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर गर्दी होते. तळहातावर तंबाखू, बोटाने चुना, अंगठ्याचे चार रगडे आणि वर एक टाळी. कुणी विडी पेटवतो, कुणी खोकतो. खोकणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, कारण ‘विडीचा खोकला’ आपल्याकडे आजारात धरतच नाहीत.

क्षयाच्या जंतूला यापेक्षा चांगला आडोसा कुठला? २०१९ ते २०२१ मध्ये देशभर झालेल्या क्षयरोग पाहणीत लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेलेले नव्हते. विचारल्यावर बहुतेकांनी लक्षणं मनावर घेतली नसल्याचं सांगितलं. विडी ओढणाऱ्याजवळ खोकल्याचं कारण तयार असतं, दारू पिणाऱ्याजवळ वजन उतरल्याचं. घरच्यांनाही ते पटतं.

शिवाय धूर जंतूला आत शिरायला वाटही करून देतो. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस धूळ-जंतू बाहेर लोटत असतात. त्यांतून निसटलेल्या जंतूला फुप्फुसाच्या वायुकोशांतल्या भक्षक पेशी गिळतात. धुराने केस लुळे पडतात, पेशी मंदावतात. वरच्याच पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये क्षयाचा संसर्ग आढळला होता. यांतले बहुतेक जण जन्मभर ठणठणीत राहतात, जंतू पहाऱ्यात असतो म्हणून. पहारा ढिला पडला की तो उठतो. तमिळनाडूतल्या ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. चेन्नईच्या डॉ. गजलक्ष्मी आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा, की भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारणीभूत आहे.

महाराष्ट्रात मात्र ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. बिनधुराची तंबाखू २४.४ टक्क्यांच्या तोंडात आणि विडी-सिगारेट ३.८ टक्क्यांच्या. सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका यातच आल्या. या तंबाखूची किंमत प्रामुख्याने तोंड मोजतं, आणि त्याचा हिशेब शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात होतो. जुलै २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे कुठल्याही जिन्याचा कोपरा सांगेल. पण भिंतीवरच्या त्या पिचकारीने क्षय पसरतो हा समज चुकीचा. तो पसरतो मुख्यतः खोकताना हवेत उडणाऱ्या बारीक तुषारांतून. वाळूज, रांजणगावात एकेका खोलीत चार-पाच कामगार राहतात, दारं-खिडक्या लावून झोपतात. धोका तिथे आहे.

दारूची तऱ्हा निराळी. रोज ४० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्याला क्षयाचा धोका सुमारे तिप्पट असतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत दिसलं. व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्येच ते ६० ग्रॅमच्या आसपास भरतं. पिणाऱ्याची प्रतिकारशक्ती घटते, जेवण तुटतं, गोळ्या चुकतात. त्यातून आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही क्षयाची तिन्ही औषधं यकृताला जड जाणारी. सहा महिन्यांच्या उपचारात यकृत सुजलं, तर औषधं मध्येच थांबवावी लागतात. बिअरच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात २०१६ च्या दुष्काळात मद्य कारखान्यांचं पाणी कापण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला होता. पाण्याचा हिशेब निदान कुणीतरी मागितला. यकृताचा कोण मागतो?

सरकारदरबारी क्षयाचा कार्यक्रम वेगळा, तंबाखूचा वेगळा. दोन्हींची सांगड घालणारा आराखडा २०१७ मध्ये आला: क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला तंबाखूबद्दल विचारायचं, तंबाखू सोडायला आलेल्याची क्षयासाठी चौकशी करायची. खर्च जवळपास शून्य. सहा महिने नेमाने भेटणारा आरोग्य कर्मचारी हा व्यसनाबद्दल बोलायला सगळ्यात सोयीचा माणूस, पण गोळ्या मोजून देण्याच्या घाईत तो प्रश्न राहून गेला तर आराखडा कागदावरच राहणार.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, शहरातल्या घाटी रुग्णालयातही होते. विडी ओढणाऱ्यांनी हे दोन आठवडे मोजताना स्वतःला सूट देऊ नये. क्षयाबद्दल विचारायला १८००-११-६६६६ आणि तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६. दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत.